तोंडपाठ आणि पहिली सही

हॉटेलात शिरताना चष्मा काढून मिठाच्या बरणीमागे ठेवायचा, कारण वाफेने काचा धुरकटतात.

ऑर्डर लिहायची नाही. सहा माणसांचं टेबल असलं तरी नाही.

गिऱ्हाइकाला पाठ दाखवायची नाही. आधी दोन पावलं मागे, मग वळायचं. घरी काकूंपासूनही काका असेच निघायचे. काकू म्हणायच्या, माझ्याकडून काही येणं नाही, सरळ जा.

बसमध्ये जागा असली तरी उभं राहायचं.

हातात कागद आला की त्याची घडी घालायची. बसचं तिकीट, औषधाची पावती, काही चालेल. खिशात नेहमी कागदाच्या दोनचार होड्या आणि एखादा पंखा असायचा.

आणि कुठलंही बोलणं संपलं की विचारायचं, "आणखी काही?" डॉक्टरांना विचारायचे, बस कंडक्टरला विचारायचे. एकदा शेजारचे आजोबा वारले तेव्हा भेटायला गेले. तासभर गप्प बसले आणि उठताना घरच्या मंडळींना हेच विचारून बसले. काकूंनी ते त्यांना वर्षभर ऐकवलं.

हॉटेलात त्यांना सगळे तोंडपाठ म्हणायचे. मी काका म्हणायचो. चोवीस वर्षं ते तिथे वेटर होते. मी दहा महिने होतो. साहित्याची पदवी घेऊन मी चार ठिकाणी अर्ज केले होते. पाचव्या ठिकाणी वडिलांनी स्वतःच शब्द टाकला, आणि ते ठिकाण म्हणजे हे हॉटेल. पहिल्या दिवशी काकांनी मला विचारलं की किती शिकलास. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं की एका हातात पाण्याचे चार ग्लास धरता येतात का. येत नव्हते. "मग पदवी कुठल्या हातात धरली होतीस?" ते म्हणाले. त्या दिवसापासून मी पदवीधर झालो. आचारी तर मला भांडी आणायला सांगतानाही पूर्ण मानाने सांगायचा, पदवीधर, तेवढी कढई.

काकांची आठवण कशी चालायची हे मला कळायला बराच वेळ लागला. गिऱ्हाइकांची नावं त्यांना ठाऊक नसत. ती लागत नसत. खिडकीजवळचे, कमी साखर. दोघी बहिणी, एकीचं सूप आणि दोन चमचे. जाड चष्म्याचे वकील, दर मंगळवारी, टोस्टच्या कडा काढून. कोण काय खातो, कुठे बसतो, उठताना किती ठेवतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात एकाच ओळीत होतं. ती ओळ टेबलाला चिकटलेली होती. टेबलाजवळ उभे राहिले की आठवायचं. मालकांच्या खोलीत उभं करून विचारलं तर कालचंही सांगता येत नसे.

टेबलावर उरलेली टिप खिशात घालायची नाही, असा तिथला नियम होता. गल्ल्याशेजारी एक लाकडी पेटी होती. वर फट, खाली कुलूप. गिऱ्हाइकं थेट पेटीत टाकायची, आणि टेबलावर ठेवलेलं आम्ही टाकायचो. काका नोट टाकली की पेटीवर दोनदा टकटक करायचे, आत पोचली का विचारल्यासारखं. थोरले मालक होते तोवर दर एक तारखेला दुपारी पेटी मोठ्या टेबलावर उघडायची. सगळ्यांसमोर मोजायची, हजेरीप्रमाणे वाटायची. वेटर, स्वयंपाकघर, भांडी, सगळ्यांना. थोरले मालक गेले. मुलगा गल्ल्यावर बसला. पेटी त्याच्या खोलीत उघडू लागली आणि आम्हाला पाकिटं मिळू लागली.

आम्हाला म्हणतोय खरा, पण मी तेव्हा नव्हतो. मी आलो तेव्हा पाकिटांना वर्ष होऊन गेलं होतं, आणि पाकीट बारीक का झालं ह्यावर स्वयंपाकघरात बोलणंही संपलं होतं. तूटफूट, असं एकच उत्तर होतं. ग्लास फुटतात, बशा फुटतात, ते टिपेतून वळतं करतात.

भांडी घासायला मावशी होत्या. बोलायच्या कमी. त्यांच्या पाकिटात टिपेचं काहीच येत नसे, कारण तूटफूट मुख्यतः त्यांच्या नावावर. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या की वर्षात दोन बशा फुटल्या माझ्या हातून, आणि त्यातली एक आधीच तडकलेली होती. एवढंच. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

एक तारखेला दुपारची गर्दी ओसरली की हिशेबनीस पगारपत्रक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायचे. घाईत असायचे. पहिली सही काकांची. ते सगळ्यांत जुने. ओल्या हाताने रुमाल पुसायचे, म्हणजे रुमालाने हात पुसायचे, पण इतका ओला रुमाल की फरक पडत नसे, आणि सही करायचे. त्यांच्या खाली आचारी, त्याच्या खाली मावशी, असे अकरा जण. बाराव्या ओळीत मी. वर अकरा सह्या असल्या की बारावी आपोआप होते. पहिल्या महिन्यात माझीही झाली.

दुसऱ्या महिन्यात मी कागद वाचायला घेतला. ह्यात शहाणपण नव्हतं. मला कुठलाही छापील मजकूर वाचायची खोड आहे, साबणाचं वेष्टणसुद्धा सोडत नाही. कागदाला मधे एक चूण घातलेली होती. डावीकडे आमची नावं, चुणीच्या लगेच पलीकडे सहीची जागा. मी चूण उघडली. आत तीन रकाने होते. हजेरी, पगार, आणि टिपेचा वाटा. माझ्या टिपेच्या रकान्यात जो आकडा होता तो माझ्या पाकिटातल्या रकमेच्या चौपट होता. मावशींच्या रकान्यातही आकडा होता. खाली एक ओळ होती. वरील रकमा पूर्ण मिळाल्या.

हिशेबनीस म्हणाले की सही कर, मला बँकेत जायचंय. मी केली. तेवढा मी शूर होतो.

मग काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सहा नंबरवर पाणी दे म्हणाले. मी पाणी देऊन आलो आणि पुन्हा सांगितलं. त्यांनी मिठाच्या बरणीमागून चष्मा काढला. हॉटेलात चष्मा घातलेले काका मी प्रथमच पाहत होतो. आचारीही बघत राहिला. ते तसेच गल्ल्याकडे गेले आणि हिशेबनिसांकडे कागद मागितला. हिशेबनिसांनी दिला, कारण चोवीस वर्षांत काकांनी काही मागितलंच नव्हतं, आणि नाही म्हणायची सवय नव्हती. काकांनी चूण उघडली. सावकाश वाचलं. कागद परत दिला.

"आणखी काही?" ते म्हणाले. कोणाला, ते मला कळलं नाही.

स्वयंपाकघरात बातमी उकळायला वेळ लागत नाही. आचारी म्हणाला, दिव्याखाली अंधार. जगाची साखर पाठ आणि स्वतःची सही न वाचता. मग दोन वेटर हसले. त्यांनी काकांना विचारलं, तुम्ही कशावर सही केलीत हे निदान ऑर्डर म्हणून तरी लक्षात ठेवायचं. काका हसण्यात सामील झाले. मावशी नळाखाली हात धरून उभ्या होत्या.

"मी तुमची सही बघून करायचे," त्या म्हणाल्या. आणि नळ बंद केला.

काका हसायचे थांबले. त्या संध्याकाळी तीन नंबरच्या बहिणींना त्यांनी एकच चमचा दिला.

दुसऱ्या दिवशी ते मालकांकडे गेले. मी दाराबाहेर ट्रे पुसत होतो. तो ट्रे त्याआधी आणि त्यानंतर कधी इतका स्वच्छ नव्हता. मालक वाईट बोलत नसत. लहानपणी काकांनीच त्यांना तीन बशा हातावर पेलायला शिकवलं होतं. तुम्ही तर घरचे, असं ते म्हणाले. काका म्हणाले, "घरच्याला पगार नसतो. मला आहे. म्हणजे मी घरचा नाही." मग त्यांनी पाकिटं सुरू झाल्यापासूनची, अठरा महिन्यांची टिप मागितली, बाराही जणांची, माझी अर्थात दोनच महिन्यांची. मालकांनी विचारलं की तुमच्याकडे लेखी काय आहे. काकांकडे लेखी काही नव्हतं. त्यांच्याकडे आयुष्यात लेखी काही नव्हतं. "माझ्याकडे तुमची सही आहे," मालक म्हणाले. "सगळ्यांत वर."

काका मागे दोन पावलं चालत बाहेर आले. मग वळले.

कामगार कार्यालयात तक्रार करायची तर रक्कम लिहावी लागते. रक्कम कोणाला ठाऊक? पगारपत्रकातले आकडेसुद्धा मालकांनी घातलेले, खरी पेटी किती भरायची ते त्यांनाच माहीत. मी म्हटलं की अंदाज लिहू. काका म्हणाले की अंदाज पदवीधरांनी करावेत. मला नेहमीची गिऱ्हाइकं पाठ आहेत, तेवढीच लिहू. ती चाळीस आहेत. येणारेजाणारे सोडून देऊ. म्हणजे जे लिहू ते कमीतच असेल आणि कोणालाही विचारून बघता येईल.

दुपारी तीन ते पाच हॉटेल बंद असायचं. त्या वेळात आम्ही त्यांच्या घरी बसलो. म्हणजे मी बसलो. ते खुर्चीवर बसले तेव्हा त्यांना काहीच आठवेना. पाच मिनिटं छताकडे बघत होते. मग उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि खोलीत चालू लागले. दोन खेपा मारल्या. पलंगाजवळ थांबून म्हणाले, हे पाच नंबर. शिलाईमशीन दोन नंबर झालं. कपाट म्हणजे गल्ला. खिडकीतली फळी, जिच्यावर काकूंच्या बाटल्या होत्या, ती खिडकीजवळचं टेबल झाली. सात नंबर नेमका काकूंच्या खुर्चीवर आला.

"सरकतेस का जरा?" त्यांनी विचारलं.

"मी बिल दिल्याशिवाय उठत नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी शेवटपर्यंत सात नंबर सोडला नाही. काका त्यांच्याकडे वाकून विचारायचे, आणि मग माझ्याकडे वळून सांगायचे की निवृत्त मास्तर, रोज, एक कॉफी, एक नाणं, पेन्शनच्या दिवशी दोन. मी लिहायचो.

तीन आठवडे हे चाललं. दोन वह्या भरल्या. कोणता वकील कोणत्या महिन्यात आजारी होता आणि म्हणून चार मंगळवार वजा करायचे, तेही त्यांनी सांगितलं. वजा करायचं ते कधी विसरले नाहीत. जमा करायचं एकदोनदा विसरले, ते काकूंनी पकडलं. एका गुरुवारी काकूंनी सहज विचारलं की आपलं लग्न कुठल्या महिन्यात झालं. काका थबकले. मग खोलीत इकडेतिकडे बघू लागले. "त्याला टेबल नाही ना," काकू मला म्हणाल्या, "कसं आठवेल?"

मी तीन वर्षं साहित्य शिकलो. आठवणींवर निबंध लिहिले. शिलाईमशीनपाशी उभा राहून अठरा महिन्यांपूर्वीचं सूप आठवणारा माणूस मी कुठे वाचला नव्हता. मी थक्क होतो. तोंड उघडं असायचं बहुतेक, कारण काकूंनी एकदा त्यात बिस्किट ठेवलं.

मालकांपर्यंत हे गेलंच. त्यांनी काकांना काढलं नाही. अकरा आणि बारा नंबरची टेबलं दिली, हात धुवायच्या बेसिनला लागून. तिथे कोणी बसत नसे. पहिल्या दिवशी काका रिकाम्या टेबलांजवळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मास्तर सात नंबरकडे गेले, इकडेतिकडे बघितलं, आणि कॉफी प्यायला बेसिनपाशी येऊन बसले. आठवडाभरात वकील आले, बहिणी आल्या. खिडक्या मोकळ्या आणि बेसिनपाशी गर्दी. हात धुवायला आलेल्या माणसांना वाटायचं की इथे काहीतरी फुकट वाटतायत.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. काका, मावशी, आणि वह्या धरायला मी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोर मालक आणि हिशेबनीस. हिशेबनिसांच्या मांडीवर अठरा पगारपत्रकांची फाईल. मधे अधिकारी बाई, पन्नाशीच्या, पेनाने कपाळ खाजवणाऱ्या. त्यांनी फाईल चाळली, सह्या बघितल्या. मग काकांना विचारलं की ही सही तुमची का.

काका म्हणाले, माझीच. चष्मा नव्हता हे कारण सांगणार नाही. मी वाचायला हवं होतं. पण बाकीच्यांनी मला बघून सही केली, तेवढं लिहून घ्या.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग वहीचं एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि म्हणाल्या की हे सगळं तुम्हाला खरोखर आठवतं, ह्यावर मी कसा विश्वास ठेवू?

काका उठून उभे राहिले. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. ते दोन पावलं टेबलाकडे गेले आणि किंचित वाकले.

"तुम्ही आमच्याकडे दोनदा आलात," ते म्हणाले. "नऊ नंबर. पहिल्यांदा एकट्या. सूप, मिरपूड नको. दुसऱ्यांदा आई बरोबर होत्या, त्यांचा चमचा पडला. जाताना तुम्ही स्वतः पेटीत नोट टाकली. मला विचारलंत, हे तुम्हा लोकांनाच मिळतं ना? मी म्हटलं, हो." ते सरळ उभे राहिले. "ते हो मला परत घ्यायचंय."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं, जिंकलो. असा प्रसंग मी कादंबरीत लिहिला असता तर प्राध्यापकांनी फार जमून आलाय म्हणून गुण कापले असते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "हे बोलला नसतात तर बरं झालं असतं." ज्या पेटीवरून भांडण आहे तिच्यात त्यांची नोट होती, आणि तसं काकांना विचारलंही होतं. म्हणजे त्या आता साक्षीदार झाल्या. साक्षीदाराला निकाल देता येत नाही. त्यांनी फाईल मिटली. प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे जाणार, तारीख दोन महिन्यांनंतरची.

हिशेबनीस खोकल्यासारखं हसले.

जिन्यात काका मधल्या पायरीवर थांबले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मला म्हणायचं होतं. त्यांच्याकडे बघून म्हटलं नाही.

"पदवीधर," ते म्हणाले, "मी जास्त वाढलं का?"

मावशी मागून आल्या. म्हणाल्या, पोटभर वाढलंत. आणि पुढे निघून गेल्या. त्या खूप दिवसांनी हसत होत्या.

त्या दोन महिन्यांत मालकांनी दोन वेटरांना बोलावून तक्रारीतून नाव काढायला सांगितलं. एकाने काढलं. त्याच्या घरी तान्हं मूल होतं. काकांनी त्याला काही म्हटलं नाही, वहीतला त्याचा वाटाही खोडू दिला नाही. मावशींना सांगितलं गेलं की निकाल विरुद्ध गेला तर अठरा महिन्यांच्या फुटलेल्या बशा पगारातून कापू. मावशींनी काकांना विचारलं की असं होईल का. काकांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, ठाऊक नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं. निकाल विरुद्ध गेला तर त्यांच्या एका सहीने मावशींचा दुसऱ्यांदा घात होणार होता.

दुसरे अधिकारी तरुण होते. बाहेरचं काही खात नसत. टेबलावर घरून आणलेला डबा होता. आत शिरताच काकांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, ह्यांना मी ओळखत नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

आधीच्या बाईंचं लेखी निवेदन आलं होतं. चार ओळींचं. मास्तर आणि वकील स्वतः आले होते. वकिलांनी सांगितलं की मी दर मंगळवारी तेवढीच टिप ठेवतो आणि आजारीही होतो. पण अधिकारी पुन्हापुन्हा सह्यांकडे वळायचे. अठरा महिने, अकरा-बारा माणसं, दर महिन्याला सही. पूर्ण मिळालं, असं लिहिलंय. न वाचता सही केली म्हणून कागद खोटा ठरत नाही. ते म्हणत होते ते बरोबर होतं. मला त्यांचा राग आला, म्हणजे बहुधा बरोबरच होतं.

त्यांनी एक पगारपत्रक काकांपुढे सरकवलं, सही ओळखण्यासाठी. काकांनी चष्मा लावलेला होता. पण त्यांनी सही बघितली नाही. कागद हातात आला आणि सवयीने त्यांची बोटं त्यावरून फिरली. मग त्यांनी दुसरा मागितला. तिसरा मागितला. डोळे मिटून अंगठा फिरवत होते. अधिकाऱ्यांना वाटलं की म्हाताऱ्याला बरं वाटत नाहीये.

"साहेब," काका म्हणाले, "फाईलमध्ये घालायला कागद मधोमध एकदा दुमडतात. ह्याला दोन घड्या आहेत. एक आत जाते, एक बाहेर येते." त्यांनी त्याच खुणांवर कागद दुमडला. तीन रकाने गडप झाले. नावं सह्यांना जाऊन टेकली. "नॅपकिनचा पंखा करताना पहिली चूण अशीच घालतो आम्ही. मधलं कापड दिसू नये म्हणून."

अधिकाऱ्यांनी फाईल पुढे ओढली. एकेक कागद उचलून उजेडात धरला. अठराच्या अठरा कागदांवर त्याच दोन रेषा होत्या, त्याच जागी. हिशेबनीस काटेकोर माणूस. चूण घालतानाही त्यांनी पट्टी वापरली असावी.

ह्या घड्या कशाला, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. हिशेबनिसांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी पंख्याकडे पाहिलं.

काका मात्र इथे थांबले नाहीत. अति तिथे माती, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "अजून एक लिहा. चष्मा नसला तरी बोटांना ती घडी दर महिन्याला कळत होती. मी म्हटलं, मालकांची पद्धत असेल." मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं पुन्हा दोन महिन्यांवर. पण अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि काकांकडे बघून मान हलवली. खोटं बोलणारा माणूस स्वतःविरुद्ध इतकं बोलत नाही, असं त्यांना वाटलं असावं. मावशी तेव्हा काकांकडे बघत होत्या. काका त्यांच्याकडे बघत नव्हते.

पंधरा दिवसांनी मालकांनी तडजोड केली. अठरा महिन्यांचा फरक तीन हप्त्यांत, बाराही जणांना. ज्याने नाव काढलं होतं त्यालाही. तूटफूट बंद. पेटी पुन्हा मोठ्या टेबलावर उघडणार. काकांना त्यांची जुनी टेबलं परत मिळाली, पण वकिलांना बेसिनपाशी बसायची सवय लागली होती. ते तिथून उठले नाहीत.

पुढच्या एक तारखेला दुपारी पेटी सगळ्यांसमोर उघडली. मोजणी झाली, वाटणी झाली, पहिला हप्ता त्यात होता. मावशींनी पाकीट उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. आचारी म्हणाला, मावशी, वाऱ्याने उडून नाही जायचं. मग हिशेबनिसांनी पगारपत्रक टेबलावर पसरलं. सपाट, एकही घडी नाही. पेन काकांपुढे केलं. पहिली सही.

काकांनी बरणीमागून चष्मा आणला. काचा पुसल्या. आणि वाचायला सुरुवात केली. फक्त स्वतःची ओळ नाही. बाराही ओळी, प्रत्येकाची हजेरी, पगार, टिप, आडवी बेरीज. बोट ठेवून, ओठ हलवत. पहिल्या ओळीला चार मिनिटं लागली. आम्ही अकरा जण भोवती उभे होतो. दुसऱ्या ओळीला आचारी म्हणाला की दूध उतू जाईल. तिसऱ्या ओळीला हिशेबनिसांनी घड्याळ बघितलं आणि बँकेचं नाव काढलं. काकांनी बोट न उचलता त्यांना सांगितलं की बँक उद्याही असते. मावशींच्या ओळीवरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

पाचव्या ओळीवर होते तेव्हा बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली. सात नंबर. मास्तर लवकर आले होते. काकांनी आवाजावरून ओळखलं. चष्मा काढून कागदावर ठेवला, त्याच ओळीवर, जागा चुकू नये म्हणून. आलोच, म्हणाले, आणि कॉफी घेऊन गेले. पाठोपाठ बहिणी आल्या. मग एक सहा जणांचं टेबल आलं.

आम्ही थोडा वेळ थांबलो. मग मावशी पुढे झाल्या. चष्मा जराही हलू न देता कागद आपल्याकडे ओढला. त्यांना वाचायला काकांपेक्षाही वेळ लागला. आपली ओळ संपूर्ण वाचली आणि आपल्या जागी, तिसऱ्या ओळीत, सही केली. मग आचाऱ्याने वाचली. मग बाकीच्यांनी, एकेकाने. बारावी माझी.

हिशेबनीस संध्याकाळपर्यंत कागद घेऊन काकांच्या मागे फिरत होते. काका हातात ट्रे घेऊन म्हणायचे, पाच ओळी झाल्यात, सात राहिल्यात, वाचून देतो. बँक बंद झाली. पगारपत्रक गल्ल्यावर तसंच पडून होतं. खाली अकरा सह्या आणि वर पहिली ओळ रिकामी. त्यांचा चष्मा अजून पाचव्या ओळीवर होता.